गुणाकाराच्या गळ्यात जानवे कोणी घातले?

'वैदिक गणित' या नावाचे क्लास आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. बोर्डावर दाढीवाल्या ऋषीचे चित्र, खाली 'सेकंदात गुणाकार' अशी हमी, आणि फी एवढी की मजुरीवर जाणाऱ्या आईबापाने दोनदा विचार करावा. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी आपली पोरे मोबाईलवर याच युक्त्यांचे व्हिडिओ पाहतात. युक्ती चालते. उत्तर बरोबर येते. आणि त्या उत्तरासोबत एक गोष्ट न बोलता डोक्यात जाऊन बसते, की हे सगळे वेदात होते, म्हणजे ज्यांचे वेद त्यांचेच गणित.

मित्रांनो, या समजुतीची चिकित्सा करणे आवश्यक आहे, आणि ती घोषणा देऊन होणार नाही, गणित सोडवूनच होईल. या लेखात मी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, या 'वैदिक' म्हणवल्या जाणाऱ्या प्रसिद्ध युक्त्या म्हणजे शाळेत सातवी-आठवीला शिकवला जाणारा द्विपदींचा गुणाकार आहे, दुसरे काही नाही. दुसरी, या गुणाकाराला सुमारे चार हजार वर्षांचा लिखित इतिहास आहे आणि त्यात अनेक देश, अनेक धर्म, अनेक भाषा आहेत. तिसरी, त्याला खोटे गोत्र चिकटवले की सर्वांत मोठे नुकसान आपल्या मुलांचे होते.

आधी गणित समजून घेऊ

दोन पदे बेरजेने किंवा वजाबाकीने जोडली की द्विपदी होते. (अ + ब) ही एक द्विपदी, (क + ड) ही दुसरी. यांचा गुणाकार करताना पहिल्या कंसातल्या प्रत्येक पदाने दुसऱ्या कंसातल्या प्रत्येक पदाला गुणायचे. चार गुणाकार होतात: अ×क, अ×ड, ब×क, ब×ड. चारही मिळवायचे. झाले.

पण असेच का? हे समजायला कोणताही ग्रंथ लागत नाही, जमीन मोजता आली की पुरे. एक आयताकृती तुकडा घ्या, लांबी १४ हात, रुंदी १३ हात. लांबीवर १० हातांवर एक आडवा बांध टाका, रुंदीवर १० हातांवर एक उभा बांध टाका. जमिनीचे चार तुकडे झाले. एक मोठा, १० गुणिले १०, म्हणजे १००. दुसरा ४ गुणिले १०, म्हणजे ४०. तिसरा १० गुणिले ३, म्हणजे ३०. आणि कोपऱ्यातला लहान, ४ गुणिले ३, म्हणजे १२. एकूण १८२. हाच (१० + ४)(१० + ३) चा गुणाकार. बांध घातल्याने जमीन वाढत नाही आणि कमीही होत नाही, एवढेच या नियमाचे रहस्य आहे. ज्याच्या बापाने दुसऱ्याच्या शेतावर बांध घातले, त्याला हे कळायला वेळ लागण्याचे कारण नाही.

बीजगणित शिकताना जवळपास प्रत्येक मूल एक चूक करते. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ² + ब² असे लिहून मोकळे होते. वस्तीतल्या अभ्यासिकेत मी ही चूक इतक्या वह्यांत पाहिली आहे की आता त्यावर नुसती लाल रेघ मारत नाही. त्या मुलीला किंवा मुलाला कागदावर एक चौरस काढायला सांगते, त्यात दोन रेघा मारायला सांगते, आणि विचारते, तू दोन तुकडे मोजलेस, उरलेले दोन कुणाला दिलेस? मूल स्वतःच बोट ठेवते. मग (अ + ब)² = अ² + २अब + ब² हे सूत्र पाठ करावे लागत नाही, कारण मधले '२अब' म्हणजे ते विसरलेले दोन तुकडे. पाठ्यपुस्तकात ही आकृती असते, पण परीक्षेच्या घाईत ती ओलांडून थेट सूत्र पाठ करून घेतले जाते. सूत्र पाठ, कारण गायब. मंत्र पाठ करण्याची सवय शाळेत अशीच लागते.

आता त्या प्रसिद्ध युक्त्यांकडे वळू.

'ऊर्ध्वतिर्यग्भ्याम्', म्हणजे उभे आणि तिरपे. १४ खाली १३ लिहा. एककांचा उभा गुणाकार ४×३ = १२. तिरपा गुणाकार १×३ आणि ४×१, बेरीज ७. दशकांचा उभा गुणाकार १×१ = १. उजवीकडून हातचा घेत मांडले की १८२. आता वरच्या जमिनीशी ताडून पाहा. १२ म्हणजे कोपऱ्यातला तुकडा. तिरप्या गुणाकाराचे ७ म्हणजे ७ दशक, म्हणजे ४० आणि ३० हे दोन मधले तुकडे. आणि १ म्हणजे १ शतक, तो मोठा तुकडा. तेच चार तुकडे, दुसऱ्या क्रमाने लिहिलेले.

'निखिलम्'. ९८ गुणिले ९७. ९८ शंभराला २ ने कमी, ९७ हा ३ ने कमी. ९८ मधून ३ वजा करा, ९५. २ आणि ३ चा गुणाकार ०६. उत्तर ९५०६. पाहणारा थक्क होतो. पण हे आहे (१०० − २)(१०० − ३) = १०,००० − ३०० − २०० + ६. आठवीचे मूल हा विस्तार करू शकते.

'एकाधिकेन पूर्वेण'. ३५ चा वर्ग करायचा. ३ ला त्याच्या पुढच्या ४ ने गुणा, १२. त्यापुढे २५ लिहा, १२२५. का? कारण (३० + ५)² = ३०×३० + ३०×१० + २५. पहिली दोन पदे एकत्र केली की ३०×४०, म्हणजे १२००. त्यात २५ मिळवा. एककस्थानी ५ असलेल्या कोणत्याही संख्येला हे लागू पडते, त्यामागे तीच द्विपदी आहे.

सोळा सूत्रांचा जन्म

या युक्त्या ज्या पुस्तकातून आल्या त्याचे नाव 'वैदिक मॅथेमॅटिक्स'. लेखक पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ. ते १९६० साली वारले आणि पुस्तक १९६५ साली इंग्रजीत छापले गेले. म्हणजे आपल्या पुष्कळ आजोबांची लग्ने या 'वैदिक' पुस्तकापेक्षा जुनी आहेत.

लेखकाचा दावा असा की ही सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टात आहेत. गणिताच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक कृपाशंकर शुक्ल यांनी १९५० च्या सुमारास अथर्ववेदाच्या परिशिष्टांची छापील प्रत सोबत नेऊन शंकराचार्यांना ती सूत्रे दाखवण्याची विनंती केली. त्यांना उत्तर मिळाले की ती सूत्रे या प्रतीत नाहीत, फक्त माझ्या परिशिष्टात आहेत. हा प्रसंग शुक्ल यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुस्तकाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही प्रस्तावनेत कबूल केले की ही सूत्रे आजवर माहीत असलेल्या परिशिष्टांत सापडत नाहीत आणि त्यांची भाषाशैली पाहता ती स्वामीजींनीच शोधली असे दिसते. घरच्या माणसाने दिलेली ही साक्ष आहे.

भाषा बाजूला ठेवली तरी आशय बोलतो. पुस्तकात दशांश अपूर्णांक आहेत, आवर्ती दशांश आहेत, कलनशास्त्रही आहे. वेदांत दहा, शंभर, हजार, त्यापुढच्या घातांना नावे आहेत हे खरे आहे. पण शून्यासह स्थानमूल्याने लिहिलेली संख्या ही त्यानंतर अनेक शतकांनी आलेली गोष्ट आहे, आणि दशांश अपूर्णांक तर आणखी पुढची. जी लिहिण्याची पद्धतच नव्हती, तिच्यातली युक्ती कशी असेल?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणितज्ञ श्री. गो. दाणी यांनी १९९३ साली सविस्तर लेख लिहून हा दावा तपासला आणि फेटाळला. त्याला कारण होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात हे 'वैदिक गणित' शालेय अभ्यासक्रमात आणले गेले होते. पुढे राष्ट्रीय पातळीवर तेच घाटत होते, तेव्हा २००१ साली अनेक गणितज्ञ आणि शास्त्रज्ञांनी जाहीर निवेदन काढले की हे वैदिकही नाही आणि गणितही नाही. हे निवेदन काढणारे लोक आपल्या चळवळीतले नव्हते, ते गणित शिकवणारे लोक होते. त्यामुळे 'तुम्ही जातीच्या चष्म्यातून बघता' हा नेहमीचा आरोप इथे चालत नाही.

मग हा गुणाकार आहे कुणाचा?

एका जातीचा नाही, एका देशाचाही नाही.

आजच्या इराकमध्ये, जुन्या बॅबिलोनमध्ये, सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांवर चौरस आणि आयत कापून, तुकडे जोडून उत्तर काढण्याची उदाहरणे आहेत. (अ + ब)² चे चार तुकडे त्या कारकुनांना चांगले माहीत होते. आपल्याकडे इसवी सनापूर्वीच्या शुल्बसूत्रांत आयताचा चौरस कसा करावा याची कृती आहे. हे खरोखरच वैदिक काळाच्या उत्तरार्धातले गणित आहे, यज्ञवेदीच्या विटा रचण्यासाठी लिहिलेले, आणि ते नाकारण्याचे आपल्याला काही कारण नाही. गंमत अशी की या खऱ्या सूत्रांत ती सोळा सूत्रे नाहीत. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात चार तुकड्यांच्या चौरसाची रीतसर सिद्धता दिली.

इसवी सन ६२८ मध्ये भिल्लमाळच्या, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळच्या ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण संख्यांच्या गुणाकाराचे नियम स्पष्ट लिहिले. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. 'धन' म्हणजे संपत्ती, 'ऋण' म्हणजे कर्ज. वरच्या ९८ गुणिले ९७ मध्ये शेवटचे +६ कुठून आले, त्याचे उत्तर या नियमात आहे. संख्येचे तुकडे करून गुणण्याची 'खंड' पद्धतही त्याने दिली आहे.

सुमारे ८२० साली बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र' शब्दावरूनच 'अल्जिब्रा' हा शब्द जगभर गेला. त्यात 'दहा आणि एक'ला 'दहा आणि दोन'ने कसे गुणायचे, 'दहा उणे एक'ला 'दहा उणे एक'ने कसे गुणायचे हे तो शब्दांत समजावतो. आणि हे कशासाठी? वारसाहक्काची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खणणे, अशा रोजच्या कामांसाठी, असे तो सुरुवातीलाच सांगतो. सुमारे ८५० साली राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन पंडिताने 'गणितसारसंग्रह' लिहिला. राष्ट्रकूटांच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग येत होता. वेदांचे प्रामाण्य न मानणाऱ्या परंपरेतला हा माणूस भारतीय गणितातले मोठे नाव आहे. भारतीय म्हणजे वैदिक, हे समीकरण इथेच कोसळते.

आणि मग ११५० च्या सुमारास भास्कराचार्य. 'लीलावती'त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे. त्याच्या अनेक रीती तो देतो. त्यांतली एक अशी, की १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करा, वेगवेगळे गुणा, मिळवा. 'बीजगणित' या ग्रंथात तो थेट अज्ञात राशींवर येतो. अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणजे 'जेवढे तेवढे' असे नाव, थोडक्यात 'या'. आणखी अज्ञात असतील तर काळा, निळा, पिवळा, तांबडा अशी रंगांची नावे. साध्या संख्येला 'रूप', थोडक्यात 'रू'. ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब. आणि तिथे एक उदाहरण आहे: पाच 'या' उणे एक, याला तीन 'या' अधिक दोन याने गुणा. आपल्या आजच्या लिपीत (५क्ष − १)(३क्ष + २). चार तुकडे करा. १५क्ष², १०क्ष, −३क्ष, −२. उत्तर १५क्ष² + ७क्ष − २. भास्कराचार्याचेही हेच उत्तर आहे. आठवीच्या स्वाध्यायात शोभावे असे हे गणित पावणेनऊशे वर्षांपूर्वीचे आहे. हा खरा वारसा आहे, ग्रंथ उपलब्ध आहे, लेखक माहीत आहे, काळ माहीत आहे. त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण गंमत पाहा, खरा पुरावा असलेला भास्कराचार्य बाजूला पडतो आणि पुराव्याशिवायचा 'वैदिक' शब्द बोर्डावर चढतो.

ती 'उभी-तिरपी' रीतसुद्धा जुन्या ग्रंथात सापडते, फक्त वेदात नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ च्या सुमारास 'लीलावती'वर टीका लिहिली. तीत ही तिरप्या गुणाकाराची रीत पायरीपायरीने सांगितली आहे. इटलीत लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात हीच रीत 'छोटा क्रूस' अशा अर्थाच्या नावाने आहे. कोकणातला ज्योतिषी आणि इटलीतला ख्रिस्ती मठवासी एकाच काळाच्या आसपास एकच रीत लिहितात. आता कुणी तिला 'ख्रिस्ती गणित' म्हटले तर आपण हसू. मग 'वैदिक गणित' म्हटल्यावर मान का डोलवतो?

गणेश दैवज्ञाचा एक शेरा मात्र आपण लक्षात ठेवला पाहिजे. तो म्हणतो त्याचा आशय असा, की ही रीत फार अद्भुत आहे आणि परंपरेने तोंडी शिकवल्याशिवाय मंदबुद्धीच्या माणसाला येणार नाही. इथेच खरी गोम आहे. वर आपण पाहिले की दोन बांध घातले की ही रीत लहान मुलालाही कळते. जे दोन रेघांत कळते, ते अद्भुत का ठरवले गेले? कारण 'परंपरेने तोंडी' शिकण्याची जागा ठरावीक घरांत होती.

मठ, शाळा आणि फळा

चाळीसगावजवळ पाटणे इथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्याचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि त्याला दाने मिळाली, असे त्यात नोंदले आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे द्विपदींचा गुणाकार शिकवणारी संस्था आठशे वर्षांपूर्वी आजच्या जळगाव जिल्ह्यात होती. पण राबणाऱ्यांच्या कष्टावर चालणाऱ्या त्या समाजात मठाच्या आत बसून शिकण्याचा अधिकार कुणाला होता, हे सांगायला वेगळा शिलालेख लागत नाही. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेला धातू किंवा लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. जे वेदात होते, ते ऐकायलाही आपल्या पूर्वजांना बंदी होती. आणि जे वेदात नव्हते, तेही वेदातले म्हणून आज आपल्या मुलांना फी घेऊन विकले जाते. फसवणूक दुहेरी आहे.

इंग्रजी राज्यात शाळा उघडल्या, पण दार लगेच उघडले नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला, तरी सरकारने स्पृश्यांच्या विरोधापुढे त्याला शाळेत बसवले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्या या पार्श्वभूमीवर. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली, शेतकऱ्यांच्या करावर वरच्या जातींचे उच्च शिक्षण पोसले जाते हे दाखवून दिले.

आणि बाबासाहेब. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग आपल्याला माहीत आहे. शिक्षकांनी भीमरावाला उदाहरण सोडवायला फळ्याजवळ बोलावले आणि वर्गात गलका झाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला हात लावण्याआधी ते डबे बाजूला करण्यात आले. त्यानंतरच गणित सुटले. याच विद्यार्थ्याला संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. ज्यांनी आमच्या बापाला संस्कृत नाकारले, त्यांच्याच विचारांचे लोक आज सांगतात की गणित समजायला संस्कृत सूत्र लागते. लागत नाही. बाबासाहेबांना फळ्यावरचे उदाहरण सोडवायला लागले नव्हते.

'नाव काहीही असो, युक्ती चालते ना?'

हा प्रश्न आपल्याच मुलांकडून येतो आणि तो प्रामाणिक आहे. भरतीच्या परीक्षेत मिनिटे मोजलेली असतात. तिथे ९८ गुणिले ९७ झटकन करता आले तर का करू नये? जरूर करावे. युक्तीला माझा विरोध नाही. युक्ती ठेवा, तिची खोटी वंशावळ फेकून द्या. त्याची तीन कारणे आहेत.

एक, कारण माहीत नसलेली युक्ती थोडी जागा बदलली की मोडते. 'निखिलम्' पाठ केलेला मुलगा ९८ गुणिले ९७ करतो, पण १०३ गुणिले ९८ आले की अडतो, कारण आता एक संख्या शंभराच्या वर आहे आणि दुसरी खाली. ज्याला द्विपदी कळली तो (१०० + ३)(१०० − २) लिहितो आणि १०,००० + ३०० − २०० − ६ = १०,०९४ काढतो. त्याला वेगळे उपसूत्र लागत नाही.

दोन, अंकांची युक्ती अंकांपाशी थांबते. बीजगणितात (क्ष + ३)(क्ष + ४) येते, पुढे अवयव पाडणे, वर्गसमीकरण, अकरावीचे द्विपद प्रमेय, संख्याशास्त्र, इंजिनिअरिंग. आमच्या मुलांना गुणाकाराच्या जादूपाशी अडकवून ठेवायचे आणि पुढची वाट दुसऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, हे व्यवस्थेला सोयीचे आहे. कुणी मुद्दाम कट करत नसेलही, परिणाम तोच होतो.

तीन, सर्वांत महत्त्वाचे. 'हे असे का' हा प्रश्न विचारण्याची मुलाला सवय असली पाहिजे. तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. गणित हा एकच विषय असा आहे की ज्यात दहा वर्षांचे मूल मास्तरांचे म्हणणे वहीवर तपासून खरे-खोटे ठरवू शकते. तिथेही 'ऋषींनी सांगितले' हे कारण घुसवले, तर त्या मुलाने तपासायला शिकायचे कुठे? संविधानाच्या कलम ५१-क मध्ये १९७६ सालच्या ४२ व्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ते भाषणात वापरायचे वाक्य नाही, आठवीच्या वर्गात वापरायचे आहे.

बीजगणित हा हक्काचा प्रश्न आहे

बीजगणिताची लढाई नागरी हक्काची लढाई आहे, हे अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या चळवळीने आपल्याआधी ओळखले. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य मांडले होते, त्यामुळे त्या चळवळीकडे पाहणे आपल्याला परके नाही. बॉब मोझेस हे १९६० च्या दशकात मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी करण्यासाठी जीव धोक्यात घालून फिरलेले कार्यकर्ते. व्यवसायाने गणिताचे शिक्षक. त्यांच्या लक्षात आले की शाळेत बीजगणित न मिळालेले मूल कॉलेजच्या गणिताच्या दारातच अडते, आणि ते अडलेले मूल बहुतेक वेळा काळे आणि गरीब असते. १९८२ साली त्यांनी 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. मुलांना शहरी रेल्वेत बसवून स्टेशने मोजायला लावायची, कुठल्या दिशेने किती हे त्यांच्याच शब्दांत लिहायला लावायचे, आणि तिथून धन-ऋण संख्यांकडे न्यायचे. आधी अनुभव, मग मुलाची भाषा, मग चिन्ह. २०२१ साली मोझेस वारले, पण मतदानाच्या हक्कानंतर पुढचा हक्क बीजगणिताचा, हा त्यांचा विचार आपण घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे वस्त्या-वस्त्यांत बुद्धविहारे आहेत, अभ्यासिका आहेत, संध्याकाळी शिकवायला तयार असलेली पदवीधर पोरे-पोरी आहेत. जयंतीला डीजेवर जेवढा खर्च होतो त्याच्या छोट्या हिश्श्यात वर्षभराचे कागद, पट्ट्या आणि कात्र्या येतात. प्रत्येक मुलाला एक कागदी चौरस द्या. दोन घड्या घालायला सांगा, एक उभी, एक आडवी, मध्यावर नाही, थोडी बाजूला. चार तुकड्यांवर त्यांचे क्षेत्रफळ लिहायला सांगा. मग कापायला सांगा, मग पुन्हा जोडायला. त्यानंतरच सूत्र लिहा. वजाबाकी आली की तुकडा काढून टाकायचा, आणि कोपरा दोनदा काढला गेला म्हणून एकदा परत द्यायचा. ऋण गुणिले ऋण धन का, हे त्या परत दिलेल्या कोपऱ्यात दिसते. शेवटी त्यांना 'वैदिक' युक्त्यांचा एक व्हिडिओ दाखवा आणि विचारा, यात चार तुकडे कुठे लपले आहेत ते शोधा. एकदा शोधले की ते मूल कुठल्याही बोर्डावरच्या ऋषीला घाबरणार नाही, आणि फीसुद्धा वाचेल.

शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले त्यात 'पाठ करा' असा अर्थ कुठेही नव्हता. बॅबिलोनच्या कारकुनाने, बगदादच्या विद्वानाने, राष्ट्रकूटांच्या राज्यातल्या जैन आचार्याने आणि भास्कराचार्याने जो गुणाकार केला, तो चार तुकड्यांचा गुणाकार आपल्या वस्तीतल्या मुलीचाही आहे. तिने तो स्वतःच्या वहीवर, स्वतःच्या कात्रीने, कारणासकट करावा. त्यावर कुणाचा मालकी हक्क नाही आणि कुणाचे जानवे तर मुळीच नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!